घरी गुलाबपाणी काढायचंय? आधी वास पाण्यात कसा विरघळतो ते पाहू

पहिल्यांदा घरी गुलाबपाणी काढलं की जवळजवळ प्रत्येक जण वाटीत डोकावून एकच प्रश्न विचारतो: "अगं, पण तेल कुठे तरंगतंय?" तेल दिसत नाही, म्हणजे काहीतरी चुकलं असं वाटतं आणि निम्मे लोक तिथेच नाद सोडतात. मला या गैरसमजाची फार हळहळ वाटते, कारण त्या वाटीतलं पाणी बहुतेक वेळा उत्तम उतरलेलं असतं.

साधा हिशेब करून पाहा. एक किलो गुलाबतेल मिळवायला दमास्क या अत्तराच्या गुलाबाच्या साधारण ३००० ते ५००० किलो पाकळ्या लागतात. मधला ४००० हा आकडा धरला, तर आपल्या पातेल्यातल्या २५० ग्रॅम पाकळ्यांच्या वाट्याला ०.०६ ग्रॅम तेल येतं. म्हणजे दोन थेंब. ते साडेतीनशे मिलिलिटर पाण्यात पसरले की डोळ्यांना काय दिसणार? जहांगीर बादशहाने आपल्या आठवणींत लिहून ठेवलं आहे की, नूरजहानची आई अस्मत बेगम हिने गरम गुलाबपाणी भांड्यांत ओतलं असताना वर जमलेली साय पाहिली आणि ती थोडीथोडी टिपून अत्तर जमवलं. तिच्यापुढे गुलाबपाण्याची भांडीच्या भांडी होती, म्हणून ती साय दिसली. आपल्यापुढे एक वाटी आहे.

तेव्हा अत्तराचा विचार मनातून काढून टाका. आपण पाणी काढतो आहोत आणि गुलाबाच्या बाबतीत पाणी काढणं हा कमी दर्जाचा उद्योग नाही. तो का नाही, हे कळलं की खालच्या कृतीतली प्रत्येक पायरी आपोआप पटेल.

गुलाबातला पाण्याचा सोबती

गुलाबाच्या पाकळीला जो मधाळ, उबदार, गोडसर वास असतो, त्यात मोठा वाटा फिनाइल इथाइल अल्कोहोल या एका पदार्थाचा आहे. नावाला घाबरू नका. सहा कार्बनांचं एक कडं, म्हणजे बेन्झीनचं कडं. त्याला दोन कार्बनांची छोटी शेपटी. आणि शेपटीच्या टोकाला ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी. या जोडीमुळेच त्याला अल्कोहोल म्हणायचं. दारूतलं अल्कोहोल हे याच मोठ्या कुळातलं एक भावंड, एवढाच त्यांचा संबंध.

इथे शब्दांचा एक घोळ होतो, तो आधीच सोडवू. रसायनशास्त्रात 'ॲरोमॅटिक' म्हणजे सुगंधी नव्हे. ज्याच्या अंगी बेन्झीनसारखं कडं आहे ते ॲरोमॅटिक, मग त्याला वास असो वा नसो. गुलाबात जिरॅनिऑल, सिट्रोनेलॉल आणि नेरॉल हीही अल्कोहोलंच आहेत आणि सुंदर वासाची आहेत, पण त्यांच्यात ते कडं नाही. म्हणून सुगंधी असूनही ती ॲरोमॅटिक नाहीत. गुलाबातलं खरं ॲरोमॅटिक अल्कोहोल म्हणजे फिनाइल इथाइल अल्कोहोल.

आता महत्त्वाची गोष्ट. शेपटीच्या टोकाची ती जोडी पाण्याशी दोस्ती करते. एक लिटर पाण्यात फिनाइल इथाइल अल्कोहोल साधारण २० ग्रॅम विरघळतं. जिरॅनिऑल त्याच्या तुलनेत अगदीच थोडं विरघळतं. परिणाम काय होतो पाहा: वाफेवर काढलेल्या गुलाबतेलात फिनाइल इथाइल अल्कोहोल दोन-तीन टक्क्यांच्या घरात असतं, तर पाण्याचा वापर न करता द्रावकाने खेचून काढलेल्या अर्कात ते निम्म्याहून जास्त भरतं. फूल तेच असताना हा फरक पडतो, कारण वाफेच्या पद्धतीत ते पाण्यातच राहून जातं. तेल वेगळं काढून घेतलं तरी गुलाबाची मधाळ बाजू मागे पाण्यात असते. आजीच्या गुलाबदाणीतल्या पाण्याला जो वास यायचा, तो याचा.

झाड हा पदार्थ फिनाइलॲलॅनिन नावाच्या अमिनो आम्लापासून बनवतं. गंमत म्हणजे यीस्टही तेच करतं. जर्मन रसायनशास्त्रज्ञ फेलिक्स एर्लिख याने १९०७ च्या सुमारास यीस्ट अमिनो आम्लांपासून अशी अल्कोहोलं कशी तयार करतं हे मांडलं. पावाच्या आंबवलेल्या पिठात किंवा वाइनमध्ये कधी गुलाबाची पुसट चाहूल लागली असेल, तर ती नुसती कल्पना नव्हे.

फूल कोणतं

इथे तडजोड करू नका. फुलवाल्याकडचे लांब दांड्याचे, गच्च कळीचे डच गुलाब घेऊ नका. आपल्याकडे तळेगाव दाभाडे आणि मावळात पॉलिहाउसमधून हे गुलाब उत्तम पिकतात, पण ते फुलदाणीसाठी. रंग, दांड्याची लांबी, फुलाचा टिकाऊपणा यासाठी ती वाणं निवडलेली असतात, वासासाठी नाही. शिवाय शोभेच्या फुलांवर जी औषधं फवारतात, ती खाण्याच्या पिकाचा विचार करून फवारलेली नसतात. ती वाफेबरोबर वाटीत यायला नकोत.

हवा आहे तो गावठी गुलाब: फिकट ते गडद गुलाबी, सैल पाकळ्यांचा, दोन दिवसांत गळणारा, पण अंगणात पाऊल टाकताच जाणवणारा. गुलकंदाला वापरतात तोच. राजस्थानात पुष्कर आणि हळदीघाटीच्या परिसरात दमास्क गुलाब होतो. हळदीघाटीकडे त्याला चैती गुलाब म्हणतात, कारण तो चैत्राच्या सुमारास फुलतो. लखनौच्या सीमॅप या औषधी आणि सुगंधी वनस्पतींवर काम करणाऱ्या संस्थेने दमास्कचं 'नूरजहाँ' नावाचं वाणही काढलं आहे. आपल्या मैदानी, उष्ण हवेत मात्र एडवर्ड नावाने ओळखला जाणारा गुलाब सोपा. तो वर्षात पुन्हापुन्हा फुलतो. रोपवाटिकेत नाव सांगता आलं नाही, तर सरळ फूल हुंगा. नाकाला जे पटेल तेच पाण्यात उतरेल.

एका गावठी फुलाचं वजन दोन-तीन ग्रॅम. म्हणजे २५० ग्रॅमला शंभरेक फुलं लागतात. घरी दोनच झाडं असतील तर शेजारपाजारी विचारा. दोन-तीन दिवस फुलं साठवून काढायचा मोह टाळा. कमी फुलं असतील तर कमी पाणी काढा, पण त्याच दिवशी.

काय लागेल

आठ लिटरच्या आसपास मावेल असं स्टीलचं पातेलं. त्यावर उलटं ठेवता येईल असं घुमटाकार झाकण, ज्याची मूठ मधोमध आहे. झाकणाला वाफेचं भोक असेल तर ते बाहेरून कणकेने लिंपा. एक जड बुडाची स्टीलची किंवा जाड काचेची वाटी, अर्धा लिटर मावेल अशी. वाटी पाण्याच्या वर राहावी म्हणून तळाशी ठेवायला उंच आधार. कुकरची जाळी बुटकी पडते, म्हणून मी स्टीलचा छोटा डबा पाण्याने भरून ठेवते, रिकामा ठेवला तर तो तरंगतो. बर्फ भरपूर, दोन-तीन जाड पिशव्यांत भरून. आणि पाणी आरओचं किंवा उकळून गार केलेलं. नळाच्या पाण्यातल्या क्लोरिनचा वास वाफेबरोबर सरळ वर येतो.

ॲल्युमिनियमचं भांडं नको. प्रेशर कुकर बंद करून तर मुळीच नको.

कृती

पहिली पायरी पहाटेची. फुलं सूर्य वर यायच्या आत तोडा, फार तर आठपर्यंत. ऊन चढलं की पाकळीतला वास उडून जाऊ लागतो. पूर्ण उमललेली, पण अजून न सुकलेली फुलं घ्या. प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबू नका. आत गरम होऊन पाकळ्या तासाभरात काळ्या पडतात. टोपलीत सैल ठेवा.

दुसरी, निवडणं. पाकळ्या सुट्या करा, खालचा हिरवा भाग आणि देठ काढून टाका, नाहीतर पाण्याला पालेभाजीसारखा उग्र वास येतो. किडे झटकून काढा. धुवायचं असेल तर एकदाच, गार पाण्यात पटकन बुडवून बाहेर. चोळू नका. यानंतर वजन करा आणि वहीत लिहा. पुढच्या वेळी हेच टिपण कामाला येतं.

तिसरी, मांडणी. पातेल्यात मधोमध आधार, भोवती २५० ग्रॅम पाकळ्या, वर एक लिटर पाणी. आधारावर रिकामी वाटी. उकळताना पाणी वाटीत उसळणार नाही एवढी उंची हवी. झाकण उलटं ठेवा, मूठ नेमकी वाटीच्या वर येईल असं. झाकणावर बर्फाची पिशवी. झाकण कणकेने किंवा दोरीने बंद करू नका. बर्फाचं वजन पुरेसं आहे, आणि वाफ फार झाली तर तिला कडेने निघायला वाट हवी.

चौथी पायरी आचेची, आणि सगळं यश इथे आहे. मध्यम आचेवर उकळी येईपर्यंत थांबा, मग आच इतकी बारीक करा की आतून फक्त हळू बुडबुड ऐकू यावी. फिनाइल इथाइल अल्कोहोल एकटं उकळायचं तर २२० अंश सेल्सियसजवळ जावं लागतं. पण पाण्याच्या वाफेच्या सोबतीने ते १०० अंशांच्या आसपासच निघून येतं. वाफ हेच त्याचं वाहन. आच वाढवून घाई केली तर वाहन झाकणावर न थांबता कडेने पळून जातं, आणि स्वयंपाकघर सुगंधी होऊन वाटी फिकी राहते. घरभर फार दरवळ सुटला तर समजा, आच जास्त आहे.

बर्फ वितळला की पिशवी बदला. झाकण वरून हाताला गार लागलं पाहिजे, कोमट नव्हे.

पाचवी पायरी बहुतेक जण गाळतात, पण मला हीच सर्वांत आवडते. साधारण दीडशे मिलिलिटर जमलं असं वाटलं की गॅस बंद करा, पाच मिनिटं थांबा, झाकण आपल्यापासून दूर कलतं धरून उघडा, सांडशीने वाटी काढा. हे पाणी वेगळ्या बाटलीत ओता. वाटी परत ठेवून आणखी दोनशे मिलिलिटर काढा. दोन्ही गार झाल्यावर डोळे मिटून हुंगा. पहिल्यात तीक्ष्ण, हिरवट, किंचित लिंबूसर गुलाब असतो: पाण्यात टिकायला नाखूश असलेली जिरॅनिऑल, सिट्रोनेलॉलसारखी मंडळी वाफ सुरू होताच आधी पळून येतात. दुसऱ्यात धार कमी आणि मध जास्त. पाण्याशी दोस्ती असलेलं फिनाइल इथाइल अल्कोहोल पाणी सोडायला वेळ घेतं, म्हणून ते सावकाश, बराच वेळ येत राहतं. पहिल्या कपावरच थांबणाऱ्यांचं गुलाबपाणी भडक पण पोकळ लागतं, ते यामुळे. दोन्ही पाणी एकत्र करा.

थांबायचं कधी? घातलेल्या पाण्याच्या तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत, किंवा थेंबाला उकडलेल्या पाल्याचा वास येऊ लागेल तेव्हा, जे आधी होईल ते. पातेलं कोरडं कधीच पडू देऊ नका. जळका वास एकदा आला की सगळी मेहनत वाया.

सहावी पायरी ज्यांना खरंच गडद पाणी हवं त्यांच्यासाठी. दुसऱ्या दिवशी ताज्या २५० ग्रॅम पाकळ्या घ्या आणि साध्या पाण्यात कालचं गुलाबपाणी मिसळून पुन्हा तीच कृती करा. कनौजचे अत्तरवालेही याच तत्त्वावर चालतात: देग म्हणजे तांब्याच्या मोठ्या हंड्यात ताजी फुलं पुन्हापुन्हा भरतात आणि बांबूच्या नळीतून येणारी वाफ भपका नावाच्या दुसऱ्या भांड्यात थंड करतात. फरक असा की त्यांच्या भपक्यात पारंपरिक पद्धतीने चंदनाचं तेल असतं, जे वास धरून ठेवतं. आपल्याकडे तेल नाही, म्हणून पाण्यात जे राहतं तेच आपलं.

बाटली, फ्रीज आणि टिकणं

काचेची गडद बाटली आणि झाकण पंधरा मिनिटं पाण्यात उकळून घ्या, पूर्ण सुकवा, मग भरा. वर तारीख लिहा. ताज्या पाण्याला कधीकधी किंचित शिजल्यासारखा वास येतो. आठवडाभर फ्रीजमध्ये राहिलं की तो निवतो आणि गुलाब पुढे येतो, म्हणून पहिल्याच दिवशी निकाल देऊ नका.

फिनाइल इथाइल अल्कोहोल जिवाणूंची वाढ रोखतं आणि सौंदर्यप्रसाधनांत त्यासाठी वापरलंही जातं. पण आपल्या घरच्या पाण्यात ते त्या कामाला पुरेल एवढं नसतं. माझा नियम: फ्रीजमध्ये दोन महिने, त्यात धागे, गढूळपणा किंवा आंबूस वास आला तर आधीच फेकायचं. ओला चमचा किंवा बोट बाटलीत घालू नका.

घरचं गुलाबपाणी डोळ्यांत घालू नका. हे मी हात जोडून सांगते. आपल्याकडे डोळे जळजळले की गुलाबपाण्याचा बोळा ठेवायची पद्धत आहे, पण डोळ्यांत जाणारं पाणी निर्जंतुकच हवं, आणि आपलं पातेलं ते देऊ शकत नाही. चेहऱ्याला लावायचं तर आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस पाहा; जिरॅनिऑल आणि सिट्रोनेलॉलची काही जणांना ॲलर्जी असते. तान्ह्या बाळांना नकोच. नैसर्गिक आहे म्हणजे निरुपद्रवी आहे असं नसतं: मोगऱ्याच्या वासातही असणारं बेन्झाइल अल्कोहोल इंजेक्शनांच्या पाण्यात जिवाणू वाढू नयेत म्हणून वापरलं जातं, आणि १९८२ मध्ये अमेरिकेत त्यामुळे अपुऱ्या दिवसांची नवजात बाळं दगावल्याचं लक्षात आलं. तिथे मात्रा फार मोठी होती आणि ते थेट रक्तात जात होतं, हे खरं. तरी तान्ह्या जिवांबाबत हात आखडता घेतलेला बरा.

स्वयंपाकात घालताना एकच लक्षात ठेवा: गॅस बंद झाल्यावर. बासुंदी निवल्यावर, गुलाबजामचा पाक कोमट झाल्यावर. ज्या वाफेने वास आणला, तीच तो घेऊनही जाते.

विकतचं पाणी ओळखताना

खरं वाफेचं गुलाबपाणी रंगहीन असतं. पाकळीचा रंग वाफेबरोबर येत नाही. गुलाबी दिसत असेल तर त्यात रंग आहे किंवा ते पाकळ्या भिजवून केलेलं आहे. घटकांच्या यादीत पाण्यानंतर नुसता 'परफ्युम' किंवा 'सुगंध' लिहिला असेल तर ते कारखान्यातलं फिनाइल इथाइल अल्कोहोल पाण्यात विरघळवलेलं असण्याची शक्यता मोठी. तो रेणू हुबेहूब तोच असतो, स्वस्तही असतो. फक्त तो एकटा असतो. नाकाला मध कळतो, पण हिरवी धार, लिंबू, फळासारखी झाक यांपैकी काहीच येत नाही. घरचं पहिलं पाणी हुंगल्यावर हा फरक तुम्हाला कोणी सांगावा लागणार नाही.

हेच पातेलं दुसऱ्या फुलांना चालेल का?

केवड्याला चालेल. केवड्याच्या वासाचा मुख्य घटक गुलाबाच्या त्याच अल्कोहोलचा मिथाइल ईथर आहे. शेपटीच्या टोकाच्या हायड्रोजनच्या जागी एक कार्बनाचा गट बसला की गुलाबाचा केवडा होतो. ओडिशातल्या गंजाम जिल्ह्यात केवड्याचं पाणी आणि अत्तर मोठ्या प्रमाणावर काढतात. गणपतीच्या दिवसांत केवडा मिळालाच, तर कणीस बारीक चिरून वरच्याच कृतीने काढा, पण पाणी थोडं काढा. टोकाची जोडी गेल्यामुळे हा ईथर पाण्यात कमी विरघळतो आणि लवकर येऊन जातो.

मोगऱ्याला मात्र नाही. त्याच्या वासात बेन्झाइल ॲसिटेटसारखे नाजूक घटक असतात. ते ईस्टर, म्हणजे आम्ल आणि अल्कोहोल जुळून बनलेले पदार्थ आहेत, उकळत्या पाण्यात काही प्रमाणात फुटतात, आणि हाती उकडलेलं काहीतरी लागतं. शिवाय मोगरा, जाई, निशिगंध ही फुलं तोडल्यावरही रात्रभर वास तयार करत राहतात. त्यांना एकदम उकळणं म्हणजे उरलेली रात्र वाया घालवणं. उत्तर प्रदेशात जौनपूर, गाझीपूरकडे चमेलीचं तेल करायची जुनी रीत याला अनुरूप आहे: तीळ आणि फुलं यांचे थर. संध्याकाळी कोरड्या कळ्या तिळांत पसरायच्या, वर सुती कापड, सकाळी चाळून जुन्या कळ्या काढायच्या, रात्री नव्या घालायच्या. असं सात ते दहा रात्री. मग तीळ सावलीत पूर्ण सुकवून घाण्यावर तेल काढायचं. फुलं थेट तेलात बुडवली तर त्यांतलं पाणी तेलात उतरून ते खवट होतं, म्हणून तीळ.

लवंग आणि तुळशीतलं युजेनॉल वाफेबरोबर चांगलं येतं, आणि पाण्याहून जड असल्यामुळे तळाशी बसतं. त्यात ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी थेट कड्यावरच बसलेली असते, म्हणून ते अल्कोहोल नव्हे, फिनॉल म्हणायचं. ते त्वचेला झोंबतं. लवंगेचं पाणी चेहऱ्यावर मारायच्या फंदात पडू नका.

पातेल्यात उरलेलं तांबूस पाणी तुरट असतं, ते पूर्ण गार करून झाडांना घाला. पाकळ्यांतून वास गेला आहे, त्यांचा गुलकंद होत नाही. त्या त्याच गुलाबाच्या बुंध्याशी खत म्हणून पसरा. आणि त्या कणकेने लिंपलेल्या झाकणाचं भोक लगेच खरवडून काढा, वाळलं की फार त्रास देतं.